कोविडनंतर महिनाभराने ताप आला तर: घरी काय बघायचं, कुठे न्यायचं, काय विचारायचं

कोविड होऊन गेला, माणूस पुन्हा कामाला लागला, आणि तीन-चार आठवड्यांनी एकाएकी फणफणून ताप आला. असा ताप बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो: डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, नाहीतर नवीन फ्लू. पण क्वचित, आणि तेही तरुण, धडधाकट माणसात, त्याच्यामागे वेगळं काही असतं. विषाणू ओसरलेला असतो, पण त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती शांत व्हायचं सोडून आपल्याच हृदयावर, रक्तवाहिन्यांवर, आतड्यांवर उलटते. या आजाराला मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन ॲडल्ट्स म्हणतात. आम्ही डॉक्टर आपसात मिस-ए म्हणतो. 2020 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये मुलांच्या डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा ध्यानात आलं, मुलांमधल्या आजाराला मिस-सी नाव पडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 27 मोठ्या माणसांची माहिती एकत्र मांडून दाखवलं की हे मोठ्यांनाही होतं.

मी चिपळूणला फॅमिली डॉक्टर आहे. आयसीयूत काय करायचं ते तिथले डॉक्टर जाणतात. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांबद्दल, जे पेशंट घरात पडून किंवा माझ्यासारखीच्या दवाखान्यात काढतो. आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे कोविडनंतरच्या प्रत्येक तापाला घाबरायचं कारण नाही. पण ज्याला होतो त्याची तब्येत तासातासाला घसरते, आणि वेळेवर ओळखला तर बहुतेक माणसं बरी होऊन घरी येतात. म्हणून हे घरच्यांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

ऑक्सिजन 98 आहे म्हणून थांबू नका

दुसऱ्या लाटेने घराघरांत ऑक्सिमीटर आणला आणि "94 च्या खाली गेलं की हॉस्पिटल" हा नियम लोकांच्या अंगात मुरला. कोविडच्या न्यूमोनियासाठी तो योग्यच होता. मिस-एमध्ये मात्र फुप्फुसं बरी असू शकतात, बोटावर 97-98 दिसू शकतं, आणि त्याच वेळी हृदय थकत चाललेलं असतं. दम लागतो तो कित्येकदा उशिरा, हृदयाचं पंपिंग (रक्त पुढे ढकलायची ताकद) कमी झाल्यावर. ऑक्सिजन चांगला आहे म्हणून रात्र काढू, सकाळी बघू, असं ठरवणं इथे महागात पडतं.

त्याच ऑक्सिमीटरवर दुसरा आकडा असतो, नाडीचा. तो बघा. तापात नाडी वाढतेच, म्हणून पॅरासिटामॉल देऊन ताप उतरू द्या, पेशंटला दहा मिनिटं शांत पडू द्या, आणि मग मोजा. ताप उतरूनही नाडी 120 च्या आसपास किंवा वरच राहत असेल तर ती नुसत्या तापाची नाडी नाही. आता बीपी घ्या. वरचं बीपी 90 च्या खाली असेल तर लगेच निघायचं. 100 असेल आणि नाडी 120 असेल, म्हणजे नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला असेल, तरीही लगेच निघायचं. ज्यांचं बीपी एरवी 150 असतं त्यांच्यासाठी 105 हेसुद्धा घसरलेलंच बीपी आहे. अशा माणसाला रोजची बीपीची गोळी त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. ऑक्सिमीटर कधी आकडाच दाखवत नाही, नाहीतर आकडा सारखा नाचत राहतो, आणि घरातले सेल बदलत बसतात. आधी बोटाला हात लावा. बोट गार आहे का? अंग तापलेलं आणि हात-पाय गार, कपाळावर चिकट घाम, असं असेल तर मशीन बिघडलेलं नाही, बोटापर्यंत रक्त नीट पोहोचत नाहीये. हाताच्या नखावर पाच सेकंद दाबा, नख पांढरं होईल, मग सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. तीन-चार सेकंद लागत असतील तर रक्ताभिसरण कोलमडायला लागलंय. नेलपॉलिश असेल तर तेच छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघा.

लघवीचं आवर्जून विचारा. तापात लघवी कमी होते हे खरं, पण सहा-आठ तास अजिबातच झाली नसेल तर ते अशक्तपणावर ढकलू नका. आणि माणूस बोलताना मध्येच तुटतोय, तारीख-वार चुकतोय, उगाच चिडतोय, किंवा नुसता ग्लानीत पडून आहे, तर बाकी सगळे आकडे बरे असले तरी घरी ठेवू नका.

कॅलेंडर काढा आणि मागे मोजा

ताप आला की आम्ही डॉक्टर विचारतो, "कधीपासून?" घरचे म्हणतात, "परवापासून." मिस-ए ओळखायचा तर प्रश्न आणखी मागे न्यावा लागतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातल्या 221 मोठ्या रुग्णांची माहिती एकत्र केली होती. ज्यांना आधी लक्षणं असलेला कोविड झाला होता त्यांच्यात कोविड आणि हा आजार यांमधलं मधलं अंतर (मीडियन) 28 दिवसांचं होतं. त्यातले 70 टक्के पुरुष होते आणि निम्मे रुग्ण 21 किंवा त्याहून कमी वयाचे. म्हणजे घरात सगळ्यात कमी काळजी ज्याची करतो, तोच हा वयोगट. 96 टक्क्यांना ताप होता, 60 टक्क्यांचं बीपी घसरलं होतं, निम्म्याहून अधिकांच्या हृदयाचं काम बिघडलं होतं आणि साधारण तितक्याच जणांना जुलाब होते. 7 टक्के दगावले.

त्यात सुमारे एक तृतीयांश लोकांना आधी कोविडची लक्षणं झाल्याची नोंदच नव्हती. आता तर कोणी टेस्टही करत नाही. म्हणून "कोविड झाला होता का?" एवढ्या प्रश्नावर "नाही" उत्तर आलं तरी थांबू नका. गेल्या दोन-अडीच महिन्यांत घरात कोणाला सर्दी-खोकला-कणकण होती का, वास गेला होता का, ऑफिसात किंवा होस्टेलवर साथ होती का, लग्नाहून आल्यावर सगळेच आजारी पडले होते का, ते आठवा. तारीख नक्की आठवत नसेल तर मोबाइलमधले फोटो आणि मेडिकलच्या दुकानाची बिलं बघा. पॅरासिटामॉल कधी आणलं ते त्यात सापडतं. दोन ते सहा आठवडे हे अंतर सगळ्यात जास्त संशयाचं, बारा आठवड्यांपर्यंतही शक्यता धरतात.

अंगावर काय शोधायचं

उजेडात, खिडकीपाशी बघा. ट्यूबलाइटखाली सावळ्या कातडीवरचं पुरळ निसटतं. छाती, पोट, पाठ, काखा, मांड्या असं सगळं तपासा. डोळे दोन्ही लाल आहेत का? लाल असून चिपडं येत नसतील, सकाळी पापण्या चिकटत नसतील, तर ते डोळे आल्याचं लक्षण नव्हे. सीडीसीच्या व्याख्येत पुरळ आणि असे कोरडे लाल डोळे, दोन्ही एकत्र असणं, हे हृदयाच्या त्रासाइतकंच मुख्य लक्षण धरलंय. ओठ लाल आणि फुटलेले, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत दुखणारी गाठ, हेही बघा.

पोटाचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त चकवा बसतो. बऱ्याच जणांत सुरुवातच पोटदुखी, उलट्या, जुलाब यांनी होते. उजव्या बाजूला खाली दुखलं तर अपेंडिक्स वाटतं. सोनोग्राफीत आतड्याजवळच्या गाठी सुजलेल्या आणि पोटात थोडं पाणी दिसतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं, ताप त्याचाच. साध्या पोटाच्या बिघाडात जुलाब थांबून पाणी पोटात टिकायला लागलं की नाडी खाली येते, चेहऱ्यावर तरतरी येते. इथे जुलाब थांबतात आणि माणूस तरी गळतच जातो. हा फरक आकड्यांआधी आईच्या नाहीतर बायकोच्या नजरेला कळतो. "डॉक्टर, नेहमीसारखं आजारपण नाही हे," असं कोणी मला सांगितलं की मी ते गंभीरपणे घेते.

एकाच माणसाच्या दोन तारखा

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं. त्यानंतरचे आठवडे आम्ही ताप म्हटलं की लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून-चिखलातून होणारा ताप) समजत होतो आणि ते रास्तही होतं. सगळं गाव त्या चिखलातून चाललं होतं. त्याच दिवसांत ऐन तिशीतला एक गडी आला. पाण्यातून दुकानातला माल काढलेला, दोन दिवस ताप, डोळे लालभडक, अंग ठणकत होतं, पेशी (प्लेटलेट) 98 हजार. लेप्टोमध्येही डोळे चिपडांशिवाय लाल होतात, पेशीही उतरतात. कोणीही लेप्टोच म्हणेल असं चित्र.

त्याच्या बायकोने मात्र बोलता बोलता सांगितलं की जूनच्या मध्यात घरातले सगळे पॉझिटिव्ह होते. पुराची तारीख धरली तर लेप्टो बसत होता. जूनची तारीख धरली तर साधारण सहा आठवडे होत होते. मग मी पोटऱ्या दाबून बघितल्या. लेप्टोत पोटरीला हात लावू देत नाहीत, याला तसं काही नव्हतं. डोळ्यांत, जिभेखाली कावीळ नव्हती. पाठीवर मात्र फिकट लाल पुरळ होतं, त्याच्या स्वतःच्याही लक्षात न आलेलं. ऑक्सिजन 98, नाडी 132, बीपी 92 वर 50.

अशा वेळी "हे की ते" यात वेळ घालवायचा नसतो. लेप्टोची आयजीएम (अँटिबॉडीची) टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लेप्टोचं अँटिबायोटिक तेव्हाच सुरू केलं. त्याच वेळी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) कुठे होईल याची फोनाफोनी केली. बाजारपेठेतले खालच्या मजल्यावरचे दवाखाने आणि लॅब चिखलाने भरलेल्या, त्यामुळे त्याला मोठ्या हॉस्पिटलातच पाठवावं लागलं. तिथे पंपिंग 35 टक्के निघालं, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) 200 च्या वर, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. आरटीपीसीआर निगेटिव्ह, कोविडची अँटिबॉडी पॉझिटिव्ह. लस त्याला तोवर मिळालेली नव्हती. स्टेरॉइड सुरू झालं, बीपी धरून ठेवणारं औषध काही दिवस चाललं, नंतर पुन्हा केलेली लेप्टोची टेस्टही निगेटिव्ह आली.

हे सविस्तर लिहिलं ते यासाठी, की महाराष्ट्रात हा आजार एकटा येत नाही, पावसाळी तापांच्या गर्दीतून येतो. कोकणात लेप्टो, शहरांत डेंग्यू, विदर्भात स्क्रब टायफस. डॉक्टरांना एकच तारीख सांगितली तर ते एकाच दिशेने विचार करणार. दोन्ही सांगा.

घरी काय करू नये

ताप, थकवा, बीपी कमी म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी येते, "डॉक्टर, एक सलाईन लावा." याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. उलट्या-जुलाबांनी बीपी घसरलं असेल तर सलाईन जीव वाचवतं. पण हृदयाचं पंपिंग कमी असेल तर भराभर गेलेलं सलाईन पुढे ढकलायची ताकद हृदयात नसते आणि ते फुप्फुसांत साचतं. तासाभरापूर्वी 98 ऑक्सिजन असलेला माणूस उठून बसतो, धापा टाकायला लागतो, खोकला सुटतो. म्हणून ज्याला कोविडनंतर काही आठवड्यांनी ताप आलाय आणि बीपी कमी आहे, त्याला घरी बोलावलेल्या माणसाकडून सलाईन लावून घेऊ नका. दवाखान्यात लावलं तरी थोडं देऊन छाती पुन्हा तपासली जातेय ना, एवढं बघा. सलाईन चालू असताना दम वाढला तर लगेच डॉक्टरांना किंवा सिस्टरना हाक मारा, बाटली संपायची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट स्टेरॉइडची. मिस-एवर मुख्य औषध स्टेरॉइडच आहे, म्हणून कोणाला वाटेल की उरलेल्या गोळ्या आधीच द्याव्यात. अजिबात देऊ नका. ताप जंतूंचा असेल, सेप्सिस (जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडणं) असेल, तर स्टेरॉइड आजार झाकतं आणि वाढवतं. शिवाय ताप तात्पुरता उतरतो, माणसाला बरं वाटतं, आणि हॉस्पिटलात जायची वेळ टळून जाते. रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी टेस्ट) घेऊन झाले, जंतुसंसर्गाचा विचार झाला, हृदय बघून झालं, की मग ते द्यायचं असतं आणि योग्य मात्रेत द्यायचं असतं.

डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आयब्युप्रोफेनची गोळी टाळा. ताप नक्की कशाचा ते ठरेपर्यंत पॅरासिटामॉलच.

आणि पेशींच्या मागे लागू नका. डेंग्यूच्या धास्तीने लोक सकाळ-संध्याकाळ फक्त पेशी मोजतात, पपईच्या पानांचा रस पाजतात, पेशी 80 हजारांवरून 95 हजारांवर आल्या की निश्चिंत होतात. बीपी मात्र दिवसभर कोणी घेतलेलं नसतं.

निघताना एक चिठ्ठी लिहा

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर बोलायची संधी थोडी मिळते आणि घाबरलेला माणूस नको ते आधी सांगतो. म्हणून घरूनच लिहून न्या. असं काहीसं:

"वय 29, पुरुष. साधारण पाच आठवड्यांपूर्वी कोविड किंवा तसाच ताप, घरात तिघांना. पूर्ण बरा झाला होता. आता चार दिवस 102 पर्यंत ताप. दुसऱ्या दिवसापासून पोटदुखी, जुलाब. कालपासून डोळे लाल, चिपडं नाहीत, छातीवर पुरळ. आज सकाळी ताप नसताना नाडी 124, बीपी 94 वर 56, ऑक्सिजन 98. लघवी सकाळी सहानंतर नाही. घेतलेली औषधं: पॅरासिटामॉल, एक अँटिबायोटिक (पाकीट सोबत). कशाची ॲलर्जी नाही. लस: दोन डोस, कोव्हिशील्ड."

पुराच्या पाण्यातून, शेतातून चालणं, गोचीड-पिसवांचा चावा, घरात डेंग्यूचा पेशंट, असं काही असेल तर तेही लिहा. मग शांतपणे विचारा, "डॉक्टर, कोविडनंतरचा मिस-ए असू शकेल का? ईसीजी आणि टूडी एको आजच होईल का?" आपला डॉक्टर असा प्रश्न ऐकून रागावेल अशी भीती बाळगू नका. हा आजार बहुतेक डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. आठवण करून दिली तर उपयोगच होतो.

कुठे न्यायचं? जिथे फिजिशियन, आयसीयू आणि टूडी एको एका छताखाली आहेत तिथे. वाटेत दोन ठिकाणी थांबत, एकेका ठिकाणी एकेक सलाईन घेत जाण्यापेक्षा आधी फोन करा. 108 ला फोन केलात तर "ताप आहे" एवढंच सांगू नका. "बीपी 90 च्या खाली आहे, नाडी 130 आहे, हात-पाय गार आहेत" असं सांगा आणि ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी मिळेल का ते विचारा. स्वतःच्या गाडीने जात असाल तर पेशंटला आडवं न्या; दम लागत असेल तर पाठीला उशा देऊन अर्धवट बसवा. जिने चढायला लावू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट वाचून निदान करणं हे घरच्यांचं काम नाही, पण काही ठिकाणी घोटाळा होतो तो सांगते. सीआरपीचा आकडा दोन वेगळ्या एककांत येतो. एका लॅबचा 18 आणि दुसऱ्या लॅबचा 180 हे एकच असू शकतं, कारण एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं आणि दुसरं प्रति लिटर. लॅब बदलली की आकड्याशेजारचं एकक बघा, नाहीतर दहापट वाढलं म्हणून जीव घाबरा होतो किंवा दहापट उतरलं म्हणून समाधान वाटतं.

डेंग्यूत एकूण पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात आणि सीआरपी फारसं चढत नाही. मिस-एमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, सीआरपी बहुधा 100 मिलिग्रॅम प्रति लिटरच्याही वर जातं, फेरिटिन आणि डी-डायमर चढतात, सोडियम आणि अल्ब्युमिन उतरतात. प्रोकॅल्सिटोनिनही वाढतं, जंतुसंसर्ग नसतानासुद्धा. म्हणूनच सुरुवातीला अँटिबायोटिक देऊन कल्चरची वाट बघतात, आणि ते योग्यच आहे. हृदयासाठी ट्रोपोनिन आणि बीएनपी या रक्ताच्या टेस्ट, ईसीजी आणि एको. पहिला एको बरा आला तरी तब्येत घसरत असेल तर तो पुन्हा करावा लागतो.

कोविडच्या अँटिबॉडीबद्दल थोडं. आता जवळपास प्रत्येकाच्या रक्तात त्या सापडतील, लसीमुळे किंवा संसर्गामुळे. कोव्हिशील्ड घेतलेल्यात लसीमुळे फक्त स्पाइकच्या (विषाणूवरच्या काट्यांच्या) अँटिबॉडी तयार होतात, त्यामुळे न्यूक्लिओकॅप्सिडच्या (विषाणूच्या आतल्या भागाच्या) अँटिबॉडी सापडल्या तर तो कधीतरी खरा संसर्ग झाल्याचा पुरावा ठरतो. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने ती घेतलेल्यांत हा फरक करता येत नाही. कोणती लस घेतली ते चिठ्ठीत लिहा म्हटलं ते यासाठी.

ॲडमिट झाल्यावर

उपचार साधारण असे: शिरेतून स्टेरॉइड, गरज पडल्यास इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी), त्यानेही आटोक्यात आलं नाही तर टोसिलिझुमॅब किंवा अनाकिन्रासारखी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं, सोबत रक्त पातळ ठेवणारं औषध, बीपीचा आधार, लागला तर ऑक्सिजन. इम्युनोग्लोब्युलिनच्या खर्चाने घरं हादरतात. मुलांमध्ये त्याचा रूढ डोस किलोला 2 ग्रॅम आहे. 60 किलोच्या माणसाला तसाच द्यायचा तर 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. इतकं पाणी कमकुवत हृदयाला एकदम सोसत नाही, हाही मुद्दा असतो. म्हणून दागिने गहाण ठेवायला धावण्याआधी डॉक्टरांना विचारा, "स्टेरॉइडने सुरुवात करून प्रतिसाद बघता येईल का, की दोन्ही लगेच हवंच आहे?" तब्येतीनुसार उत्तर वेगळं असेल, पण प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा आणि आयसीयू, शॉक, हृदयाचा त्रास यांपैकी कशाखाली केस बसते ते त्याला बघू द्या.

रोज संध्याकाळी डॉक्टर भेटले की हेच विचारा: ताप, बीपीच्या औषधाचा वेग कमी झाला का, लघवी किती झाली, सीआरपी कुठे आहे, एको पुन्हा कधी. नातेवाइकांतला एकच माणूस बोलणारा ठेवा.

घरी आल्यावरचे महिने

बरं वाटायला लागलं की सगळ्यात मोठा धोका माणूस स्वतःच ओढवून घेतो: औषध सोडतो, नाहीतर कामाला लागतो. स्टेरॉइडची मात्रा हळूहळू उतरवायची असते. चिठ्ठीवर लिहिलंय तशीच. मध्येच बंद केलं तर आजार उसळू शकतो आणि बीपीही कोसळू शकतं. गोळ्या चालू असेपर्यंत उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासा, आधी मधुमेह नसला तरी. 2021 मध्ये म्युकरने (काळ्या बुरशीने) किती घरं उद्ध्वस्त केली ते आपण पाहिलंय. गालाच्या एका बाजूला दुखणं, नाकातून काळपट स्राव, डोळ्यावर सूज, दात हलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. ॲस्पिरिन चालू असेल तर वेगळी पेनकिलर नको, आणि शौचाला काळं होऊ लागलं तर कळवा.

हृदयाला सूज आली असेल तर तीन ते सहा महिने जिम, कबड्डी, क्रिकेट, पोहणं, धावणं, ओझी उचलणं बंद. हे पटवणं अवघड जातं, कारण माणूस दिसायला अगदी बरा असतो. मघाशी सांगितलेल्या त्या गड्याचं पंपिंग पंधरवड्यात 50 वर आलं होतं. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते आणि दरवर्षीप्रमाणे मूर्ती डोक्यावरून मीच आणणार, असा त्याचा हट्ट. त्याच्या वडिलांना मी बोलावून घेतलं आणि सांगितलं, "काका, यंदा तुमच्या धाकट्याच्या डोक्यावर द्या. याला पुढे चालू दे, पण हळू." त्यांनी ऐकलं. चालणं चालतं, घरातली हलकी कामं चालतात. छातीत धडधडलं, चक्कर आली, दुखलं की थांबून डॉक्टरांना कळवायचं. एको साधारण एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार-सहा आठवड्यांनी करून घ्या; खेळायला परत जाण्याआधी ईसीजी, होल्टर (दिवसभर लावून ठेवायचा ईसीजी), कधी हृदयाचा एमआरआयही सांगतात.

लसींचंही लिहून ठेवा. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) आणि कांजिण्यांची लस अकरा महिने घेऊन उपयोग होत नाही. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना युनिव्हर्सिटी एमएमआर मागते, तेव्हा डिस्चार्ज कार्ड दाखवून तारीख पुढची मागा. कोविडच्या लसीचा पुढचा डोस घ्यायचा झाल्यास किमान 90 दिवस आणि हृदय पूर्ववत झाल्यावर, आपल्या फिजिशियनशी बोलूनच.

डिस्चार्ज कार्ड, एकोचे सगळे रिपोर्ट आणि औषधांची यादी यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पुढे कधीही दोन दिवसांपेक्षा जास्त ताप आला, तर ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना नाडी-बीपी घ्यायच्या आधीच ते दाखवा.